चीनमधलं गरम पाणी, आणि परंपरा रोजच्या जगण्यात कशी उतरते

चीनमधल्या रेल्वेगाडीत डब्याच्या टोकाला एक नळ असतो. त्यातून उकळतं पाणी येतं, तेही फुकट. कुणी थर्मास भरून घेतं, कुणी पेल्यातल्या चहाच्या पानांवर तिसऱ्यांदा पाणी ओततं, कुणी नूडल्सचं डबडं उघडून तिथेच जेवणाची सोय करतं. असाच नळ स्टेशनवर, विमानतळावर, रुग्णालयात आणि शाळेतही असतो. भर जुलैमध्ये, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असतानाही, साध्या खानावळीत पाहुण्यापुढे पहिल्यांदा येतो तो गरम पाण्याचा किंवा पातळ चहाचा पेला.

परंपरांमुळे माणसाचं रोजचं जगणं सुधारतं की बिघडतं, हा प्रश्न चीनच्या बाबतीत निघाला की गाडी लगेच प्राचीन तत्त्वज्ञ कन्फ्यूशियस आणि यिन-यांग या जुन्या संतुलनाच्या कल्पनेवर जाते. त्यात चूक काही नाही. पण मला वाटतं, तो नळ जास्त सांगून जातो. विचार कितीही थोर असला तरी तो पोथीतून स्वयंपाकघरात आपोआप येत नाही. त्याला कुणीतरी जागा द्यावी लागते, वेळ द्यावा लागतो, आणि बऱ्याचदा कुणाला तरी त्यासाठी राबावं लागतं. चिनी परंपरा समजून घ्यायच्या तर या तीन गोष्टी शोधत गेलेलं बरं.

पाण्यापासूनच सुरुवात करू. गार पाण्यानं पोटातला अग्नी मंदावतो, शरीरातलं ऊन-थंड यांचं संतुलन ढळतं, ही समजूत चिनी वैद्यकात फार जुनी आहे. पण निव्वळ समजुतीनं एवढ्या मोठ्या देशाची सवय होत नाही. पूर्वी पाणी उकळायला जळण लागायचं आणि ते गरिबाला परवडायचं नाही. शांघायच्या गल्ल्यांमध्ये यावर एक तोड होती. गरम पाणी विकणारी दुकानं. त्यांना ‘लाओ-हू-त्साव’ म्हणत, म्हणजे ‘वाघचूल’. घरी चूल पेटवण्यापेक्षा तिथून किटली भरून आणणं स्वस्त पडायचं. १९३४ मध्ये, कम्युनिस्टांच्या आधी सत्तेवर असलेल्या च्यांग काय-शेक यांच्या सरकारनं ‘नवजीवन चळवळ’ काढली, तेव्हा स्वच्छतेच्या धड्यांमध्ये उकळलेलं पाणीही आलं. मग १९५२ मध्ये, कोरियन युद्धाच्या काळात, कम्युनिस्ट सरकारनं ‘देशभक्तीपर आरोग्य चळवळ’ सुरू केली. माश्या मारा, उंदीर मारा, गटारं साफ करा, पाणी उकळून प्या. कारखान्यात, कचेरीत, विद्यापीठात पाणी उकळण्याच्या खोल्या बांधल्या गेल्या. संध्याकाळी दोन्ही हातांत थर्मास घेऊन पाण्याच्या रांगेत उभे असलेले विद्यार्थी हे पुढे कित्येक दशकं वसतिगृहांचं नेहमीचं चित्र होतं.

म्हणजे आज जी ‘हजारो वर्षांची परंपरा’ वाटते, तिचा गाभा जुना आहे, पण तिला घरोघरी पोचवलं ते विसाव्या शतकातल्या बॉयलरनं. नळाचं पाणी तसंच पिण्याजोगं नसलेल्या देशात या सवयीनं पोटाचे किती आजार टाळले असतील, याचा विचार करून पाहा. उकळलेल्या पाण्याला तिकडे ‘खाय-श्वे’ म्हणतात. यातला ‘खाय’ म्हणजे उघडणं. फूल उमलतं त्यालाही हाच शब्द आणि पाणी उकळतं त्यालाही हाच. आता हे पाणी सर्व दुखण्यांवरचा उतारा झालं आहे. डोकं दुखतंय, पाळी आलीय, मन लागत नाही, कशावरही उत्तर एकच: गरम पाणी पी. नवऱ्याला किंवा मित्राला दुसरं काही सुचत नाही म्हणून तो हेच सांगतो, अशी तरुण चिनी मुलींची तक्रार असते, आणि ती मला रास्त वाटते. काळजी दाखवायचा शब्द तयार मिळाला की खरी काळजी घ्यायचं राहून जातं.

पाण्यानंतर सार्वजनिक बाग. पेइचिंगमधल्या ‘स्वर्गमंदिरा’च्या आवारात पूर्वी सम्राट पीकपाण्यासाठी प्रार्थना करायचे. आज तिथे सकाळी जुन्या वृक्षांखाली म्हातारी माणसं ताय-ची करतात, पायानं पिसांचं फूल उडवत खेळतात, लांबलचक ओसरीच्या कठड्यावर पत्ते कुटतात, जमून गाणी म्हणतात. कुणी हातभर लांबीचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर सुंदर अक्षरं काढत असतं. पहिली ओळ वाळून दिसेनाशी होते तोवर चौथी लिहून होते. लिहिणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

इथेही नीट पाहिलं तर जुन्याला नव्यानं दिलेला आकार दिसतो. ताय-ची ही मुळात घराण्याघराण्यांत जपलेली युद्धकला. हनान प्रांतातल्या छन घराण्याचं गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. पूर्ण संच शिकायला वर्षं लागायची. १९५६ मध्ये सरकारच्या क्रीडा आयोगानं तिचा २४ हालचालींचा सोपा संच बसवला. पाच-सहा मिनिटांत होणारा, कुणालाही जमणारा. आज बागेत दिसते ती बहुधा हीच ताय-ची. जाणकारांना तिच्यात खोली कमी वाटते, पण गुडघे दुखणाऱ्या आजीला रोज सकाळी घराबाहेर काढलं ते तिनंच. २०२० मध्ये युनेस्कोनं ताय-चीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

पण बागेतला सगळ्यात मोठा घोळका ताय-चीवाल्यांचा नसतो, तो नाचणाऱ्या बायकांचा असतो. या नाचाला ‘ग्वांगछांग-वू’ म्हणतात, म्हणजे चौकातला नाच, आणि नाचणाऱ्यांना ‘दामा’, म्हणजे मोठ्या आईच्या वयाच्या बायका. एक स्पीकर, पुढे एक शिकवणारी आणि मागे ओळीनं पन्नास-साठ जणी. हा नाच एवढा का पसरला, हे कळायला थोडा हिशेब मांडावा लागतो. चीनमध्ये कामगार स्त्रिया ५० व्या वर्षी निवृत्त होत असत, कचेरीतल्या ५५ व्या वर्षी आणि पुरुष ६० व्या वर्षी. २०२५ पासून हे वय हळूहळू वाढतं आहे, पण एक अख्खी पिढी पन्नाशीत मोकळी झाली. त्यात १९९० च्या दशकाअखेरीस सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगारांना घरी बसवण्यात आलं. कारखाना म्हणजे नुसता पगार नव्हता. घर, दवाखाना, शाळा, शेजारपाजार, सहली, सगळं त्याच्याच आवारात असायचं. कारखाना सुटला तसं हे सगळं सुटलं. संध्याकाळी चौकात जमून नाचणं ही त्या बायकांनी स्वतः केलेली दुरुस्ती आहे.

आणि अजून एक. नातवंडं सांभाळायला खेड्यातून परक्या शहरात आलेल्या आजी-आजोबांना चीनमध्ये ‘लाओ-फ्याव’ म्हणतात, म्हणजे वाहत आलेले म्हातारे. शहराची बोली येत नाही, शेजारी ओळखीचे नाहीत, सून-मुलगा दिवसभर कामावर. नातवंडासाठी पुण्यात किंवा थेट अमेरिकेत जाऊन राहिलेल्या आपल्याकडच्या आयांना हे सांगायची गरज नाही. अशा बाईला त्या ओळीत मागे उभं राहायला ओळखपाळख लागत नाही. आजारी पडून दोन दिवस गेली नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं. जगण्याचा दर्जा मोजताना आपण उत्पन्न पाहतो, घराचं क्षेत्रफळ पाहतो. ‘दोन दिवस दिसला नाहीत?’ हे विचारणारं कुणी आहे का, हे मोजत नाही. स्पीकरचा त्रास मात्र खरा आहे. वरच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याला अभ्यास सुचत नाही. भांडणं इतकी वाढली की २०२२ च्या जूनमध्ये लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या कायद्यात चौकातल्या अशा करमणुकीच्या आवाजावर बंधनं घालावी लागली.

जेवणाबद्दल बोलल्याशिवाय चीनबद्दल बोलणं पुरं होत नाही. ‘छी ल मा?’, म्हणजे ‘जेवलात का?’, हे तिथलं जुनं अभिवादन. आपल्याकडे खेड्यात ‘झालं का जेवण?’ असं विचारतात तसंच, आणि कारणही तेच असावं: ज्या लोकांनी दुष्काळ पाहिले, त्यांना यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न सुचत नाही. ताटं वेगळी नसतात. गोल टेबलाच्या मध्ये पदार्थ, प्रत्येकापुढे फक्त भाताची वाटी. सगळ्यात वडील माणसानं काड्या उचलल्याशिवाय इतरांनी उचलायच्या नाहीत. चांगला तुकडा आपल्या काड्यांनी उचलून दुसऱ्याच्या वाटीत ठेवायचा. मुलावर माझं प्रेम आहे, हे शब्दांत म्हणायची तिथल्या जुन्या पिढीला सवय नाही. माशाच्या गालाजवळचा मऊ भाग मुलाच्या वाटीत गेला की झालं.

पण याच प्रेमातून जंतूही वाटले जातात. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू घरातल्या घरात पसरतो आणि पुढे अल्सर, कर्करोगापर्यंत नेऊ शकतो. २००३ मधल्या सार्सच्या साथीनंतर आणि पुन्हा २०२० मध्ये कोविडनंतर सरकारनं ‘गोंग-ख्वाय’चा, म्हणजे वाढण्याच्या वेगळ्या काड्यांचा, प्रचार केला. खानावळींतून त्या ठेवल्या गेल्या. घरी मात्र पुष्कळांना त्या अवघड वाटतात. आईच्या काड्यांना मी घाण म्हणतोय की काय, अशी टोचणी लागते.

मिठाची गोष्ट याहून गंभीर आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात ताजी भाजी मिळायची नाही, म्हणून कोबी मिठात घालून ठेवायची पद्धत पडली. घराघरात सोया सॉस. मीठ जास्त, त्यामुळे रक्तदाब जास्त आणि पक्षाघातही जास्त. यावर उत्तर काढताना तिथल्या संशोधकांनी लोकांना ‘तुमची पाककृती बदला’ असं सांगितलं नाही. ६०० खेड्यांतल्या सुमारे २१,००० लोकांमध्ये प्रयोग झाला. अर्ध्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी, थोडं सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं मीठ दिलं. जवळपास पाच वर्षांनी पाहिलं तर त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होतं. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परंपरेशी न भांडता तिच्यातला अपाय काढून घेण्याचं इतकं शहाणं उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. सिगारेटच्या बाबतीत मात्र हे जमलेलं नाही. पाहुण्याला, साहेबाला, लग्नातल्या वऱ्हाडाला सिगारेट पुढे करणं हा शिष्टाचार, आणि नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा मान राखला नाही असं. चीनमध्ये जवळपास निम्मे पुरुष धूम्रपान करतात आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे. मान राखण्याची किंमत कुणाच्या फुप्फुसांनी मोजली, ते यात दिसतं.

दुपारच्या झोपेबद्दल थोडंच सांगते. जेवणानंतर कचेरीत दिवे मंद होतात, घडीच्या खाटा उघडतात, शाळेतली मुलं बाकावर डोकं टेकतात. काम करणाऱ्याला विश्रांतीचा हक्क आहे, असं चीनच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. आणि त्याच देशात ‘९९६’ हा शब्द निघाला: सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. दुपारची अर्ध्या तासाची डुलकी रात्रीच्या चार तासांची भरपाई करू शकत नाही.

‘त्स्वो युए-त्स’ मराठी घराला परकं वाटणार नाही. शब्दशः अर्थ ‘महिना बसणं’. बाळंतिणीनं महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, डोक्यावरून न्हायचं नाही. खायला बाजरीसारख्या बारीक धान्याची पेज, अंडी, काळसर गूळसाखर, आल्याचे पदार्थ. महिना भरला की लाल रंगवलेली अंडी वाटायची. आपला सव्वा महिना, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, शेक-शेगडी, कानाला घट्ट बांधलेला रुमाल आठवून पाहा. डोंगरांच्या दोन बाजूंच्या आज्यांनी एकाच बाईचा विचार केला असावा असं वाटतं. नियमांमागचा मुख्य हेतू मला मोलाचा वाटतो: जिनं मूल जन्माला घातलं, तिला महिनाभर कुणीही कामाला लावायचं नाही. सासूच्या तोंडावर नकार देता न येणाऱ्या सुनेसाठी ‘रीत आहे’ हे दोन शब्द कवचासारखे होते.

तेच कवच कधी कोंडीही होतं. उन्हाळ्यात खिडक्या बंद, पंखा बंद, अंगावर जाड कपडे, आणि उष्माघातानं बाळंतीण दगावल्याच्या बातम्या चीनमध्ये येऊन गेल्या आहेत. तिथले डॉक्टर आता दर उन्हाळ्यात सांगतात की अंघोळ करा, हवा येऊ द्या. शहरांत याचा मोठा व्यवसाय झाला आहे. ‘युएसाव’ नावाच्या प्रशिक्षित दाया महिन्याच्या बोलीवर येतात, हॉटेलसारखी बाळंतिणीची केंद्रं निघाली आहेत. ज्यांना परवडतं त्यांची सोय झाली. आणि ती युएसाव, जी दुसऱ्याच्या बाळाला रात्रभर मांडीवर घेऊन बसते, तिची स्वतःची मुलं बहुधा दूरच्या गावात आजीपाशी असतात.

तिथूनच सगळ्यात अवघड विषयाकडे जाता येतं. आईवडिलांप्रति कर्तव्याला चिनी भाषेत ‘श्याव’ म्हणतात. या चिन्हात वर म्हाताऱ्या माणसाची खूण आहे आणि खाली मुलाची, जणू मुलानं म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं आहे. शेतीच्या काळात या व्यवस्थेला अर्थ होता. चार-पाच मुलं, एकाच वाड्यात घर, म्हातारपणी कुणी ना कुणी जवळ. १९८० पासून २०१५ पर्यंत एकच मूल होऊ देण्याचं धोरण राहिलं. त्यामुळे आज एका जोडप्यावर चार आईवडील आणि एक मूल असा भार पडतो. चिनी लोक याला ‘चार-दोन-एक’ म्हणतात. २०२४ च्या अखेरीस साठी ओलांडलेल्यांची संख्या ३१ कोटींवर गेली होती, लोकसंख्येच्या २२ टक्के. पाठीवर घेणारे दोन आणि बसणारे चार.

यावर सरकारनं कायद्यानं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटलं पाहिजे किंवा त्यांची विचारपूस केली पाहिजे. त्याच दिवशी वूशी शहरातल्या न्यायालयानं ७७ वर्षांच्या आईच्या फिर्यादीवर निकाल दिला: मुलीनं किमान दोन महिन्यांतून एकदा आईला भेटायला जावं. मला त्या निकालानं आनंद झाला नाही, वाईट वाटलं. भेट हुकमानं मिळते, पण दारात मुलगी उभी राहिल्यावर आईला काय वाटलं असेल? आणि ‘वरचेवर’ जायला रजा कोण देणार? कायद्यात मालकांनी रजा द्यावी असंही म्हटलं आहे, पण ती पदरात पडणं वेगळं.

खेड्यांतून शहरात कामाला आलेल्या कोट्यवधी लोकांची अडचण आणखी वेगळी. त्यांची सरकारदरबारची रहिवासी नोंदणी गावची, त्यामुळे शहरातल्या शाळेत मुलाला प्रवेश मिळणं कठीण. मूल गावी राहतं, म्हातारे आईवडील त्याला सांभाळतात. २०१० च्या जनगणनेच्या आधारे अशा मागे राहिलेल्या मुलांची संख्या ६ कोटींवर असल्याचा अंदाज होता. या घरांत श्याव उलटी फिरते. म्हाताऱ्यांना पाठीवर घ्यायचं ते राहिलं बाजूला, म्हातारेच नातवाला पाठीवर घेतात. वसंतोत्सव आला, म्हणजे चिनी नवं वर्ष, की चाळीस दिवस रेल्वे आणि बस ओसंडून वाहतात. आदल्या रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी एका टेबलाशी असायचं, मासा असायचाच, आणि तो थोडा शिल्लक ठेवायचा, कारण ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या शब्दांचा उच्चार एकच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ही गर्दी हौस वाटते. कित्येकांसाठी वर्षभरात मुलाचं तोंड पाहायचा तेवढाच दिवस असतो, आणि मूल तेव्हा लाजून आजीमागे लपतं.

या सगळ्यात मेलेल्यांची आठवण मात्र सुटत नाही. एप्रिलच्या ४-५ तारखेला ‘छिंगमिंग’ येतो. कुटुंबं पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, वाढलेलं गवत काढतात, दगड पुसतात, फळं ठेवतात, कागदी पैसे जाळतात. एका काळी याकडे जुनाट म्हणून पाहिलं जायचं. २००८ पासून या दिवशी देशभर सुट्टी असते. लहान मुलांना पणजोबांचं नाव बहुधा याच दिवशी, गवत उपटता उपटता कळतं.

हपेय प्रांतातल्या शिच्याच्वांग शहरात हुतात्म्यांची स्मशानभूमी आहे. तिथे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते जपानविरोधी युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेले. तिथेच राहिले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. चिनी लोक त्यांना ख तीह्वा या नावानं ओळखतात. छिंगमिंगला लोक आपापल्या घरच्यांच्या थडग्यांवर जातात, आणि शिच्याच्वांगमध्ये फुलं घेऊन त्यांच्याकडेही येतात.